फेकणारी

त्याला चाकं नाहीत.
म्हणून कोणीतरी फेकावं लागतं,
आणि आर्वीकडच्या रस्त्याला लागून जी पडीत आहे
तिथे सकाळी सहाला
ते कोणीतरी म्हणजे मी.

निकेशचं मोबाइलचं दुकान दहाला उघडतं,
माझी अंगणवाडी साडेनवाला.
वारा उठतो साडेसातला.
त्याआधी पळसाचं पानही हलत नाही,
तेवढ्यात उरकायचं.

दीड हात रुंद, नुसता फोम.
पोटाला पिवळी टेप, पाठीला काळी,
उलटं झालं तर दिसावं म्हणून.
टीव्हीच्या खोक्यातला तो हा नव्हे, निकेश सांगतो,
हा चेपला तरी परत येते.
वजन चारशे ग्रॅम.
मी महिन्याच्या महिन्याला बाळं काट्यावर ठेवते;
एवढा कमी आकडा ऐकला
की अजून पोटात गोळा येतो.

"मावशी, हे तुयाच हातानं जमते,"
तो आला तेव्हा मी कणीक भिजवत होते.
त्याला कोणी सांगितलं कोण जाणे :
वर्धा, अठ्ठ्याण्णव साल, मुलींची भालाफेक.
सगळ्यांत लांब गेला होता माझा.
लाल झेंडी.
पायाचा अंगठा रेषेवर होता म्हणे.
त्या अंगठ्याशी मी वर्षभर बोलले नाही.

इथे रेषा नाही.
तीन पावलं, खांदा मोकळा,
नाक तुरीच्या धसकटांच्या जरा वर,
पंखा मागं आहे, बोटं सांभाळ,
"सोड!"

सोडलं की ते आधी खाली बसतं.
रोज बसतं. रोज वाटतं, गेलं.
मग मोटर त्याला पकडते
आणि मांजरपाट फाडावं तशी
टर्र फाटत जाते सकाळ,
या बांधापासून त्या बाभळीपर्यंत.
नजर मागे राहते, मान पुढे जाते.
टिटवी शिव्या घालत उठते.
घार एकदा खाली येऊन बघून घेते
आणि ठरवते, आपल्यातलं नाही.

गुरं घेऊन चाललेला गोमाजी थांबला होता एकदा.
काय करते, किती पैशाचं, काही नाही.
एवढंच :
"थे वापस येते काय?"
येते, म्हटलं.
"मंग ठीक."

काल निकेशनं रिमोट माझ्या हातात दिला.
जाताना काही वाटलं नाही.
वळून माझ्याकडे यायला लागलं
आणि डावं उजवं झालं.
मी उजवी म्हटलं, ते स्वतःच्या उजवीला गेलं.
त्याचंही खरंच होतं.
"जो पंख खाली गेला, काडी तिकडंच लोट!
टेकू दे त्याले मावशी, टेकू!"
टेकू.
शब्द कळला,
तोवर ते पऱ्हाट्यांच्या ढिगात.

आवाज थांबला की किती मोठी असते पडीत.

मी जिथून फेकलं तिथे परत गेले
आणि पावलं मोजत निघाले.
काही गरज नव्हती.
एकशे चौऱ्याऐंशी.
झेंडी घेऊन कोणी उभं नव्हतं,
निकेश तर काट्यांत कोपरापर्यंत शिरलेला.

नाक चेपलं होतं, बाकी साबूत.
नाक्यावरच्या हॉटेलात
आम्ही चहाच्या आधणाचं पाणी मागून घेतलं
आणि फोमवर हळूहळू सोडलं.
बाकावरचे पेपर खाली घालून बघत बसले.
"जनावराले शेकता काय बाप्पा?"
कोणी हसलं, कोणी वाकलं,
आणि नाक खरंच भरत आलं,
डाव्या अंगानं जरा जास्तच.

आता ते एका बाजूला ओढतं.
निकेश म्हणतो, ट्रिम मारून सरळ करू.
राहू दे, मी म्हटलं.
शाळेपासून माझाही एक खांदा वर आहे,
ब्लाउज शिवणारीला दर वेळी सांगावं लागतं.

बॅटरी चार मिनिटांची.
उद्या दोन चार्ज करून आण रे,
एक तुझी.